दात्याचं वय ६४

हल्ली अधूनमधून अनोळखी माणसांचे फोन येतात. कुणाच्या वडिलांना, कुणाच्या बहिणीला फुफ्फुस प्रत्यारोपण सांगितलेलं असतं आणि नाशिकमधल्या आमच्या चेस्ट फिजिशियनकडून माझा नंबर मिळालेला असतो. खर्च किती, थांबावं किती लागतं, राहायचं कुठे, हे प्रश्न सगळ्यांचेच. मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "डॉक्टर म्हणताहेत, साठीच्या पुढच्या दात्याचं फुफ्फुस आलं तर घ्याल का, ते ठरवून ठेवा. काय सांगावं हो?" माझ्या छातीत मे २०२५ पासून ६४ वर्षांच्या माणसाची फुफ्फुसं आहेत. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

मी ५३ वर्षांचा. अंबड एमआयडीसीत क्वालिटी विभागात नोकरी. विडी-सिगारेट कधी नाही. २०२१ मध्ये कोरडा खोकला सुरू झाला, त्या दिवसांत तो सगळ्यांनी कोविडच्या खात्यावर टाकला. २०२२ च्या पावसाळ्यात इंदिरानगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढताना दोनदा थांबायला लागलं तेव्हा एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, केला. निदान झालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीनं फुफ्फुसाला येणारी सूज, तोही जुना झालेला, चट्टे पडलेला. कारण बहुतेक इमारतीच्या डक्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी कबुतरं. डक्टला जाळी बसली, झोपायची खोली बदलली, स्टिरॉइड झाले, मग निन्टेडॅनिब. फुफ्फुसावर पडलेले चट्टे जात नाहीत, औषधानं घसरण हळू होते एवढंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला.

कॉन्सन्ट्रेटर घेणाऱ्यांसाठी एक सांगतो. पाच लिटरचं मशीन साधारण साडेतीनशे वॉट खातं आणि वीज गेली की तत्क्षणी बंद पडतं. इन्व्हर्टर घेताना दुकानदाराला हा आकडा सांगा आणि किती तास चालायला हवं तेही सांगा. एक भरलेला सिलिंडर, रेग्युलेटर लावून, हाताशी ठेवा. रेग्युलेटरची चावी सिलिंडरलाच दोरीनं बांधा. रात्री दोनला ती शोधत बसण्यात मजा नाही.

जुलै २०२४ मध्ये आमचे डॉक्टर म्हणाले, "आता मुंबईला दाखवून या. ऑपरेशन लगेच होणार नाही, पण नाव घालायला उशीर झाला तर शरीर ऑपरेशन सोसण्याजोगं राहणार नाही." मला वाटत होतं प्रत्यारोपण म्हणजे सगळं संपल्यावरचा उपाय. तसं नसतं. फार बरा असाल तर गरज नाही, फार खंगलात तर झेपत नाही, मधल्या अरुंद पट्ट्यात असतानाच नाव लागायला हवं.

ऑगस्ट-सप्टेंबर तपासण्यांत गेले. फुफ्फुसांची क्षमता, हृदयाची अँजिओग्राफी, उजव्या बाजूच्या हृदयातले दाब, किडनी, लिव्हर, हाडांची घनता, एचआयव्ही, कावीळ, क्षयाच्या चाचण्या, रक्तातल्या अँटिबॉडी. सहा मिनिटांच्या चालण्यात मी ऑक्सिजन लावून २१० मीटर गेलो आणि सॅच्युरेशन ८१ वर आलं. दंतवैद्याचं 'तोंडात जंतुसंसर्ग नाही' असं पत्रही लागतं, त्यासाठी दोन रूट कॅनॉल करावे लागले. दात, डोळे, हाडं, लसी हे नाशिकलाच उरकून घ्या, निम्म्या पैशांत होतं आणि कसाऱ्याच्या घाटातल्या फेऱ्या वाचतात. सगळं मिळून अडीच लाखांच्या आसपास गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्यापेक्षा मंगलला, म्हणजे बायकोला, जास्त प्रश्न विचारले. गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळणार, रात्री ताप आला तर गाडी कोण चालवणार, घरात अजून कुणाची जबाबदारी आहे. घरात ७८ वर्षांची आई आहे, हे तिथेच नोंदलं गेलं.

आता पैसे. अंदाजपत्रक आलं ३२ लाखांचं. कंपनीचा गट विमा पाच लाख, वर मी पूर्वी काढलेला पाच लाखांचा टॉप-अप. भविष्य निर्वाह निधीतून आजारपणाचा अ‍ॅडव्हान्स मिळतो. फॉर्म ३१, ऑनलाइन भरता येतो, फक्त बँक खातं आणि केवायसी आधी जुळवून घ्या. आडगावचा प्लॉट विकला. कंपनीतल्या लोकांनी वर्गणी काढली, त्याबद्दल इथे जास्त लिहिलं तर ते रागावतील. मुख्यमंत्री सहायता निधीची उत्पन्न मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार, त्यामुळे आम्ही त्यात बसत नव्हतो. ज्यांना बसतं त्यांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढावा. खासगी हॉस्पिटलचं अंदाजपत्रक सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं आणि प्रत्यारोपणासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडच्या नोंदणीचा कागदही जोडावा लागतो. आम्ही पंतप्रधान मदत निधीकडे खासदारांच्या पत्रासह अर्ज केला. मंजूर झालेली रक्कम अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्शाएवढीही नव्हती, पण ती थेट हॉस्पिटलच्या खात्यात आली आणि वेळेत आली. अंदाजपत्रकाची मूळ प्रत सगळ्यांनाच हवी असते. सही-शिक्क्याच्या पाच-सहा मूळ प्रती एकदमच मागून घ्या.

ऑक्टोबरमध्ये सर्जन आणि पल्मोनॉलॉजिस्ट, दोघांनी मिळून आम्हाला बसवलं. मी, मंगल, मुलगा ओंकार आणि सिन्नरहून आलेला मेहुणा. संमतीपत्रात एक परिच्छेद होता, विस्तारित निकषांतल्या, म्हणजे नेहमीच्या कसोट्यांत न बसणाऱ्या, दात्याचा अवयव स्वीकारण्याबद्दल. सर्जन म्हणाले, "यात मुख्य मुद्दा वयाचा असतो. दाता ५५ च्या वरचा असला तर चालेल का तुम्हाला?"

खोलीत कुणी बोलेना. शेवटी मेहुणाच म्हणाला, "दाजी, एवढे पैसे ओतायचे आणि मॉडेल जुनं?"

सर्जन हसले. ओपीडीचा कागद उलटा केला, मधोमध उभी रेघ मारली. "समजा रात्री मला एकाच वेळी दोन फोन आले. हा २८ वर्षांचा, रस्ता अपघात. हा ६३ चा, मेंदूत रक्तस्राव. कुणाचं घेऊ?"

"अठ्ठावीसवाल्याचं," मी म्हटलं.

"छातीला मार लागलाय, फुफ्फुसात रक्त साकळलंय, बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेलीय." डाव्या बाजूला एकाखाली एक लिहीत ते म्हणाले. "हे काका. विडी नाही. छातीचा सीटी स्वच्छ. शंभर टक्के ऑक्सिजनवर रक्तातला ऑक्सिजन ४२० आलाय, आम्हाला ३०० च्या वर हवा असतो. श्वासनलिकेत घातलेल्या दुर्बिणीत पू नाही. उंची तुमच्याएवढी. आता?"

पुढचा पाऊण तास त्यांनी त्या कागदावर जे सांगितलं, ते माझ्या शब्दांत असं. ५५ ची मर्यादा प्रत्यारोपण नवीन होतं तेव्हाची, सावधगिरीतून आलेली. पुढे युरोपात आणि इतरत्र साठीच्या वरच्या दात्यांची फुफ्फुसं निवडून वापरली गेली आणि निकाल तरुण दात्यांच्या जवळपासचे आले. यात 'निवडून' हा शब्द महत्त्वाचा. वयाला दुसरं काहीतरी जोडून आलं की धोका चढतो. दाता वयस्कर आणि वर बरीच वर्षं सिगारेट ओढणारा, किंवा दाता वयस्कर आणि फुफ्फुस शरीराबाहेर सहा-सात तासांहून जास्त, अशा जोड्या ते टाळतात. म्हणून वयस्कर दाता असेल तर तो जवळच्या हॉस्पिटलातला असणं त्यांना बरं वाटतं. वयाबरोबर प्रत्येकाचीच फुंकरीची ताकद कमी होत जाते, त्यामुळे माझा सर्वोत्तम आकडा तरुण फुफ्फुस मिळालेल्यापेक्षा कमी राहील, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आणि हेही की जगभरच्या नोंदींप्रमाणे फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांच्या पुढे जातात. किडनीएवढं दीर्घ आयुष्य यात अजून नाही, दाता कितीही तरुण असो.

"आणि नको म्हटलं तर?" मंगलनं विचारलं.

"तर थांबायचं. अवयवदान करणाऱ्या पाच जणांत एखाद्याचंच फुफ्फुस वापरण्याजोगं निघतं. त्यात रक्तगट आणि छातीचं माप जुळायला हवं. तुमच्या मिस्टरांची सहा महिन्यांतली घसरण बघता मी वयाची अट घालणार नाही."

आम्ही सही त्या दिवशी केली नाही, कागद घरी आणला. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मी रोज गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) चालत जाऊन येते. माझं चालेल का मग?" जिवंत माणसाचं असं घेत नाहीत, हे तिला पटवायला वेळ लागला. आठवड्यानं पल्मोनॉलॉजिस्टना फोन करून उरलेले प्रश्न विचारले. त्यातला एक कामाचा होता: आयत्या वेळी एखाद्या दात्याला नाही म्हटलं तर यादीतलं नाव जातं का? उत्तर, नाही, जात नाही. मग सही केली. ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांना माझं एवढंच सांगणं, तो दिवसाउजेडी, घरच्यांसमोर, टीमला प्रश्न विचारून घ्या. फोन येतो तेव्हा निघायला मिनिटं असतात आणि डोकं चालत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नोंदणी झाली. ती रुग्ण स्वतः करत नाही, हॉस्पिटल करतं, आपल्याकडे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे. मुंबईतल्या हॉस्पिटलात नाव असल्यामुळे आमचं केंद्र मुंबईचं झालं. अवयव आधी त्या विभागात, मग राज्यात, मग देशात विचारला जातो. ६५ च्या वरच्या रुग्णांनाही आता नाव घालता येतं आणि अधिवासाचा दाखला लागत नाही, २०२३ मध्ये राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेनं (नोटो) या अटी काढल्या. वडिलांचं वय सांगून निराश झालेल्या एका गृहस्थांना हे मीच सांगितलं.

फुफ्फुस बाहेर काढल्यावर चार ते सहा तासांत बसवायचं असतं, त्यामुळे नाशिकला बसून वाट बघणं आमच्या टीमला मान्य नव्हतं. डिसेंबरमध्ये ठाण्यात माजिवड्याला दोन खोल्या घेतल्या, भाडं २२ हजार, तळमजला. घर घेताना लिफ्ट, जनरेटर आणि अ‍ॅम्ब्युलन्स दारापर्यंत येते का, एवढंच बघा. आणि गच्चीवर कबुतरं आहेत का, हे आमच्यापुरतं. दलाल चक्रावला होता.

वाट बघण्यात मी वाचत बसायचो. माणसातलं पहिलं फुफ्फुस प्रत्यारोपण १९६३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीत झालं, रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेलं पहिलं १९८३ मध्ये टोरांटोत. म्हणजे मी शाळेत जात होतो तेव्हा हे जमू लागलं. त्याच टोरांटोत पुढे बाहेर काढलेलं फुफ्फुस यंत्रावर ठेवून, हवा आणि द्रव फिरवून, काही तास तपासून बघायची पद्धत रुळली. शंकास्पद फुफ्फुसांबद्दल त्यामुळे निर्णय सोपा होतो. आमच्या हॉस्पिटलात ती सोय नव्हती.

पहिला फोन फेब्रुवारीत आला, रात्री साडेअकराला. "काही खाऊ नका, निघा." दाता तिशीतला. पोहोचलो, रक्त घेतलं, जंतुनाशकानं अंघोळ, छातीचे केस काढले, आणि मग नुसतं थांबणं. याला वेळ का लागतो ते समन्वयक मॅडमनी समजावलं. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून जाहीर करायचा असतो. मग नातेवाइकांची संमती, अपघात असेल तर पोलिसांची परवानगी, मग प्रत्येक अवयवाची टीम आपापल्या वेळेनं. पहाटे पाचला त्या परत आल्या. दुर्बिणीत फुफ्फुसात पू दिसला होता, ऑक्सिजनचा आकडाही उतरत होता. "घरी जा." रिक्षात मंगलनं माझ्याकडे बघितलंच नाही. घरी येऊन दोघांनी रात्रीची आमटी गरम करून भात खाल्ला आणि झोपलो. अशी हुलकावणी बऱ्याच रुग्णांना मिळते, एकाहून जास्तही. त्या रात्री वेगळं बिल लागत नाही असं समजू नका, तपासण्यांचे पैसे लागतात.

त्यानंतर उतरण झाली. मार्चमध्ये बसल्या जागी सहा लिटर ऑक्सिजन. दाढी करतानाही धाप. एप्रिलमध्ये मी पोहे चावताना मध्ये थांबून श्वास घ्यायला लागलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी. पल्मोनॉलॉजिस्ट स्वतः फोनवर. "दात्याचं वय ६४. मेंदूत रक्तस्राव. धूम्रपान नाही. मुंबई विभागातच आहेत, अंतर कमी आहे. ऑक्सिजन ३८० आलाय. सीटी ठीक आहे. मला घ्यावंसं वाटतं." मी मंगलकडे फोन दिला. तिनं ऐकलं, "बरं, निघतो" म्हणाली आणि चपला शोधायला लागली. चर्चा ऑक्टोबरमध्येच झालेली होती.

दात्याबद्दल आम्हाला एवढंच सांगितलं गेलं आणि एवढंच कळणार, ओळख गुप्त ठेवली जाते. कुणाच्या तरी घरी ६४ वर्षांच्या माणसाचे नातेवाईक त्या दुपारी "यांच्या वयाचं घेतील का?" असं विचारत बसले असतील आणि तरी हो म्हणाले असतील, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

ऑपरेशन आठ तासांच्या वर चाललं. दोन्ही फुफ्फुसं बदलली. पुढचं मला मंगलच्या वहीतून माहीत आहे. पहिले तीन दिवस नवीन फुफ्फुसात पाणी साचून सूज येण्याचा धोका असतो. मला ती थोडी आली, आवरली. व्हेंटिलेटर निघाला त्या दिवसाच्या पानावर तिनं वेळ लिहिलीय आणि खाली "पाणी मागितलं, दिलं नाही". आयसीयूत मला भास व्हायचे. मॉनिटरवर कबुतरं बसलेली दिसायची आणि मी नर्सना ती हाकलायला सांगायचो. घरच्यांनी घाबरू नये, बऱ्याच जणांना असं होतं आणि जातं.

जूनच्या मध्यावर डिस्चार्ज. बिल ३६ लाखांच्या जरा वर, कारण संसर्गासाठी महागडी अँटिबायोटिक लागली. अंदाजपत्रकाच्या वर दहा-पंधरा टक्के हाताशी ठेवा.

औषधांबद्दल थोडक्यात. शरीरानं नवीन फुफ्फुस नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टिरॉइड, शिवाय बुरशी, विषाणू आणि जिवाणूंसाठी वेगळी. महिन्याला २५ ते २८ हजार. टॅक्रोलिमसची पातळी बघायची असते त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच गोळी घ्यायची. त्याची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही, केमिस्ट "सेमच आहे" म्हणाला तरी. आता ती मी गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्याकडून घेतो, आठवडाभर आधी सांगून. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. द्राक्षं चालतात, नीट धुऊन. बाहेरची मिसळ सध्या नाही, हे मात्र जड जातं.

सप्टेंबरअखेर नाशिकला परतलो. भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धीनं थेट इगतपुरी, कसारा घाट टळला. शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेले, धूळच धूळ, त्यामुळे दाराबाहेर एन-९५ शिवाय पाऊल नाही. इंदिरानगरचं घर भाड्यानं देऊन कबुतरं नसलेल्या बैठ्या घरात आलो.

रोज सकाळी घरच्या स्पायरोमीटरमध्ये, म्हणजे फुंकरीची ताकद मोजणाऱ्या यंत्रात, फुंकतो. दहा टक्क्यांनी उतरलं तर त्याच दिवशी फोन करायचा. सहा महिन्यांच्या तपासणीत आकडा अपेक्षित क्षमतेच्या ६८ टक्के आला. माझ्या मागून ऑपरेशन झालेल्या एकाला तरुण दात्याचं मिळालं, त्याचा ९० च्या घरात आहे. सर्जननी त्या कागदावर सांगितलं होतं तसंच. ६८ टक्क्यांत मी ऑक्सिजनशिवाय झोपतो, दोन मजले न थांबता चढतो, आईबरोबर सोमेश्वरला जाऊन आलो. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यांत आतापर्यंत एकदा सौम्य रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवीन फुफ्फुस नाकारणं, दिसलं, स्टिरॉइडची तीन इंजेक्शनं झाली. ते तरुण फुफ्फुसातही होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि मी वाचलंयही. पुढची दुर्बीण मेमध्ये.

आईनं मधे राष्ट्रीय संस्थेच्या साइटवर अवयवदानाचा संकल्प करायचा हट्ट धरला. वयाचं मी काही बोललो नाही, बोलायला तोंडही नव्हतं. संकल्प केला तरी वेळ येईल तेव्हा घरच्यांची संमती लागते, ती मी आणि ओंकार देणार हे तिला सांगून ठेवलंय. नोंदणी आधारवर होते आणि ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तिच्या आधारला वडिलांचा जुना नंबर आहे, तो कधीच बंद झालाय. नंबर बदलायला आधार केंद्रात पुढच्या बुधवारची वेळ मिळालीय.